चारचौघांत वाचलेला हिशेब

१९२६ च्या गणेशोत्सवात दादरच्या सार्वजनिक गणपतीच्या मांडवात एका प्रश्नावरून मोठा वाद पेटला. उत्सव सार्वजनिक, त्याचा निधी लोकांच्या वर्गणीतून उभा राहिलेला. मग अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला मूर्तीची पूजा का करता येऊ नये? विचारणाऱ्यांत प्रबोधनकार ठाकरे होते, रावबहादूर सीताराम केशव बोले होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरही त्या वादात उतरले होते. बोले यांनी १९२३ मध्येच मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा सर्वांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला होता. १९२७ चा महाडचा सत्याग्रह त्याच ठरावाच्या आधारावर उभा राहिला. दादरला बऱ्याच ताणाताणीनंतर तडजोड झाली. दलित समाजातल्या मडकेबुवांनी फुले पुजाऱ्याच्या हाती द्यायची आणि पुजाऱ्याने ती मूर्तीला वाहायची. या वादानंतर ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दादरमध्ये सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला.

हा प्रसंग सामाजिक सुधारणेच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो, आणि तो तिथलाच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. प्रश्न विचारणाऱ्यांनी धर्मशास्त्राचा आधार मागितला नाही, सरकारी हुकूमही दाखवला नाही. ज्याच्याकडून पैसे घेता त्याला कारभारात वाटा द्या, एवढाच त्यांचा युक्तिवाद होता. मुंबईच्या चाळींना, वाड्यांना आणि पुढे सोसायट्यांना स्वतःचा कारभार चालवायला ज्या गोष्टीने शिकवले, ती हीच. वर्गणी दिली की विचारायचा हक्क आला, आणि विचारणारा आला की वही उघडावी लागली.

गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. मुंबईतल्या सर्वात जुन्या सार्वजनिक गणपतींत त्याची गणना होते; १९०१ मध्ये लोकमान्य टिळक तिथे येऊन गेले. लहान मूर्ती आणि पालखीतून विसर्जन ही तिथली रीत चाळीने टिकवून ठेवली आहे. अशा उत्सवाला मूर्ती, मांडव, दिवाबत्ती, कीर्तनकाराची बिदागी, प्रसाद असा खर्च लागायचा. तो दर खोलीमागे वाटला जाई. वर्गणी गोळा करायला जिना चढणारे दोघे तिघे, पावती फाडणारा एक, आणि उत्सव संपल्यावर जमाखर्च मांडणारा एक. या चार-पाच माणसांचीच पुढे चाळ कमिटी झाली. गणपती दहा दिवसांचा, पण कमिटी बारमाही राहिली, कारण चाळीला बारमाही प्रश्न होते.

ते प्रश्न कोणते, हे त्या काळच्या मुंबईची घरे पाहिली की कळते. १९११ च्या जनगणनेत शहरातली सुमारे ७० टक्के वस्ती एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. खोलीत मोरी असली तर असली. नळ आणि संडास मजल्यावर सामाईक. सामाईक म्हणजे भांडणाचे मूळ, आणि भांडण मिटवायला कोणीतरी लागतेच. पाणी किती वाजता येणार, पहिला हंडा कोणाचा, संडास धुणाऱ्याचे पैसे कोणी द्यायचे, जिन्यातला दिवा कोणाच्या मीटरवर, गच्चीवर पापड वाळत घालायचा वार कोणता, लग्नाचा मांडव किती दिवस ठेवायचा: हे सगळे मालकाच्या भय्याकडून सुटण्यातले नव्हते. ते सोडवले ते कमिटीने. जिन्याच्या तोंडाशी टांगलेला काळा फळा हे त्या कमिटीचे वर्तमानपत्र. उद्या टाकी धुणार, पाणी नाही; अमक्यांचे वडील गेले; मॅट्रिकला पास झालेल्यांची नावे; सत्यनारायणाची वर्गणी अजून सात खोल्यांची बाकी. बाकीदारांची नावे फळ्यावर लिहिण्याची धास्ती कोर्टाच्या नोटिशीपेक्षा मोठी असे.

गिरणगावात याच कामाला वेगळे रूप आले. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले पुरुष गावाच्या नावाने खोली घेत. गावकीच्या खोलीत भाडे डोईवाटणीने निघे, पाळीपाळीने कामावर जाणारे त्याच जागेत पाळीपाळीने झोपत, आणि प्रत्येकाच्या नावे वहीत पान असे. गावच्या देवळाची दुरुस्ती, शाळेची इमारत, कोणाच्या आजारपणाची मदत हे पैसे याच वह्यांतून निघून पोस्टाने गावी जात. धोबीतलावाच्या आसपास गोवेकरांच्या कुडी होत्या, त्यांतल्या काही अजूनही आहेत. एकेका गावाची एकेक कूड. जहाजावर चढण्याआधी आणि उतरल्यावर गोव्याच्या खलाशाला हक्काने पेटी ठेवायची जागा. संध्याकाळची प्रार्थना चुकवायची नाही, महिन्याचे शुल्क थकवायचे नाही, गावच्या संताचा सण सगळ्यांनी मिळून साजरा करायचा. मराठी बोलणारा हिंदू गिरणी कामगार आणि कोंकणी बोलणारा ख्रिस्ती खलाशी यांच्या या दोन संस्था एकमेकींची नक्कल करून झालेल्या नव्हत्या. परक्या शहरात पोटापाण्यासाठी राहायचे तर आणखी काय करणार, या एकाच प्रश्नाला दोघांनी दिलेले ते उत्तर होते.

याच दरम्यान प्लेग आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या गोदामांच्या भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे रोगी ओळखले. काही महिन्यांत शहर जवळजवळ अर्धे ओस पडले. सरकारने घरोघर झडत्या सुरू केल्या, माणसे उचलून दवाखान्यात नेली, आणि त्या धाकाने लोक रोगी लपवू लागले. याच दिवसांत अनेक ज्ञातींनी आपापली तात्पुरती प्लेग रुग्णालये उभी केली. आपल्या माणसांच्या हाताखाली उपचार होतील अशी खात्री मिळाली, तेव्हाच घरातला रोगी बाहेर काढायला लोक तयार झाले. मुंबईच्या नागरी इतिहासातला हा धडा फार महागात मिळाला आहे: परक्या हुकुमाला जे जमत नाही, ते ओळखीच्या माणसाच्या शब्दाला जमते.

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडायच्या, हवा खेळेल असे रुंद रस्ते काढायचे आणि शहराबाहेर नव्या वसाहती आखायच्या, हे त्याचे काम. दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा पट्टा ट्रस्टनेच आखला. गावदेवीही ट्रस्टच्या योजनेत आली, आणि तिथे एक अशी गोष्ट घडली जिची आठवण आजच्या प्रत्येक फ्लॅटधारकाने ठेवायला हवी.

ती घडवून आणणारे गृहस्थ म्हणजे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तल्मकी. कारवार आणि दक्षिण कन्नड भागातून मुंबईला आलेल्या चित्रापूर सारस्वतांपैकी ते एक. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०६ मध्ये तल्मकी यांनी आपले गुरू शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नावाने पतपेढी काढली. आजची शामराव विठ्ठल सहकारी बँक ती हीच. १९११ मध्ये कानडा सारस्वत असोसिएशन स्थापन झाली. तिच्या मासिकातून लग्ने, मुंजी, निधने, परीक्षांचे निकाल आणि शिष्यवृत्त्यांच्या बातम्या विखुरलेल्या बिऱ्हाडांपर्यंत जाऊ लागल्या. चाळीतल्या काळ्या फळ्याचेच काम ते मासिक मोठ्या अंतरावरून करत होते.

१९०४ च्या कायद्यात मात्र फक्त पतपुरवठ्याची सोय होती. घरे बांधण्यासाठी सहकारी संस्था काढता येईल, ही वाट १९१२ च्या कायद्याने मोकळी केली. तल्मकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लगेच धरली. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली, मुंबईतली पहिली. जमीन ट्रस्टकडून भाडेपट्ट्याने घेतली. मालक एकटा दुकटा नाही, तर संस्था. राहणारा भाडेकरूही आणि भागधारकही. इंग्लंडमध्ये भाडेकरूंच्या भागीदारीचे असे प्रयोग चालू होते, त्यांची कल्पना इथे आणली गेली. पण ती गावदेवीच्या मातीत रुजली ती सभासदांमागे आधीच एक पतपेढी होती म्हणून. आठ-नऊ वर्षे एकमेकांची कर्जे आणि हप्ते पाहिलेली माणसे होती ती. कोण वेळेवर देतो, कोण कबूल करून देत नाही, कोणाच्या घरी अडचण आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. एवढा विश्वास नुसत्या कायद्याच्या कलमातून येत नाही.

या इतिहासाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवी. विश्वास ओळखीतून आला आणि ओळख जातीतून. गावदेवीच्या पाठोपाठ उभ्या राहिलेल्या पुष्कळ संस्था एकेका समाजाच्या होत्या. १९१८ मध्ये साष्टीच्या कॅथॉलिकांची सोसायटी निघाली. दादरला मंचरजी जोशी या ट्रस्टमधल्या पारशी अभियंत्याने आपल्या समाजातल्या मध्यमवर्गीयांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि पारशी कॉलनी वसवली. झाडे, बागा आणि मोकळी हवा यांच्या बाबतीत मुंबईत आजही तिला जोड नाही. या वसाहती देखण्या आहेत, त्यांचा कारभार चोख आहे, आणि त्यांच्या दारात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांची यादी फार लांब आहे.

त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने मजुरांसाठी बांधलेल्या परळच्या चाळीत डॉ. आंबेडकर सुमारे दोन दशके राहिले. चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोल्या ५० आणि ५१. पुढे ते हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’त राहायला गेले. परळचा दामोदर हॉल हे कामगार नेते ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचे केंद्र. १९११ मध्ये स्थापन झालेली ही लीग गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये आणि सहकारी पतपेढ्या चालवत होती. ९ मार्च १९२४ ला याच दामोदर हॉलमध्ये आंबेडकरांनी बोलावलेल्या सभेत बहिष्कृत हितकारिणी सभेची कल्पना पुढे आली. म्हणजे गावदेवीत घरांची सोसायटी उभी राहत होती त्याच पिढीत परळच्या खोल्यांतून वेगळ्याच हक्कांची संघटना बांधली जात होती. तिलाही वर्गणी लागत होती, पावती लागत होती, आणि हिशेब लागत होता.

सरकारही चाळी बांधत होते. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात, १९२० नंतर, विकास खात्याने म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने २०७ बीडीडी चाळी उभ्या केल्या: वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीत १२. काँक्रीटच्या, कोरड्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या या इमारती सुरुवातीला कोणाला नकोशा वाटत. पुढे त्यांच्याच आवारात कबड्डीचे संघ, नाट्यमंडळे, व्यायामशाळा, बुद्धविहार आणि गणपती मंडळे अशी दाट गर्दी झाली, आणि खोली मिळवायला माणसे वर्षानुवर्षे वाट पाहू लागली.

स्वातंत्र्यानंतर या वह्यांतून व्यवसायही उभे राहिले. १९४८ मध्ये कामगार वस्तीत ग्राहक सहकारी संस्था निघाली, तीच पुढे ‘अपना बाजार’ या नावाने घराघरांत माहीत झाली. गिरगावच्या लोहाणा निवासात १५ मार्च १९५९ ला सात बायका गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल म्हणून छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पारेख यांनी या बहिणींना दोन गोष्टींवर कधी सूट दिली नाही: मालाचा दर्जा आणि रोजचा हिशेब. देणग्या मागायच्या नाहीत हेही सुरुवातीलाच ठरले. ‘लिज्जत’ची वाढ कशी झाली हे अनेकदा लिहिले गेले आहे; तिचे मूळ मात्र एका इमारतीच्या गच्चीत आहे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला महागाईने कळस गाठला तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या मोर्चांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. पण मोर्चाला एवढ्या बायका एका हाकेला जमत कशा? चाळीतला नळ, रेशनचे दुकान आणि भिशीचा दिवस या तीन ठिकाणी त्या रोज भेटत होत्या, म्हणून. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९७५ मध्ये, मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी यांच्यासह ती उभी करणाऱ्यांत संगीतकार सुधीर फडकेही होते. तिची रीत साधी होती. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करायचा. महिन्याच्या वाणसामानाची यादी आधी भरून द्यायची, पैसे आधी द्यायचे. माल एका घरी उतरायचा आणि संघातल्या बायकांनीच तो ज्याचा त्याला वाटून द्यायचा. वाटपाच्या दिवशी त्या घराच्या हॉलमध्ये तूरडाळीच्या पिशव्या आणि तेलाचे डबे मांडलेले असत, यादीवर खुणा होत असत, आणि अर्धा किलो रवा जास्त आला की तो कोणाचा याचा शोध लागल्याशिवाय कोणी उठत नसे. दलाल गेला, भेसळ गेली, आणि दर महिन्याला एक बैठक आपोआप झाली.

तोवर जुन्या चाळींची मात्र पडझड सुरू झाली होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. गिरणी कामगार आणि कारकून यांना त्या कायद्याने शहरात टिकवले, हे त्याचे मोठे काम. पण पाच दहा रुपये भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि पुढे पुढे त्याने करायचीही नाही असे ठरवले. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, तेव्हा १९,६४२ इमारती उपकराच्या यादीत आल्या. या काळात चाळ कमिटीवर नवी जबाबदारी पडली. टेकू कधी लागणार, मंडळाचा इंजिनियर कधी येणार, संक्रमण शिबिरात कोण जाणार, हे सगळे तिच्या गळ्यात आले. पंपाची मोटर जळली तर मालकाला पत्र लिहिण्यात अर्थ नव्हता. दर खोलीमागे पैसे काढून ती बसवली जाई. कायद्याने मालक वेगळा होता, कारभार मात्र रहिवाशांचा झाला होता.

नव्या इमारतींत हा कारभार कायद्याच्या चौकटीत बसला. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या फ्लॅट्सचा कायदा या दोघांनी मिळून ‘सोसायटी’ घडवली. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, मेंटेनन्स, सिंकिंग फंड, लेखापरीक्षण, वार्षिक सर्वसाधारण सभा हे शब्द मराठी घरांत आले आणि रुळले. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था आहेत. फ्लॅट विकून झाले तरी जमिनीची मालकी बिल्डरने संस्थेच्या नावे करून न देण्याचा रोग मात्र इतका पसरला, की २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. साठ बिऱ्हाडांनी कागदपत्रांची थैली घेऊन उपनिबंधकाच्या कार्यालयात वर्षानुवर्षे खेटे घालावेत, ही या यशोगाथेतली सर्वात लाजिरवाणी बाजू आहे. ज्या संस्थांनी पहिल्या दिवसापासूनचे इतिवृत्त, पावत्या आणि ताळेबंद जपले, त्यांच्या हातात अशा लढ्यात निदान पुरावा तरी असतो.

महापालिकेलाही शेजाऱ्यांच्या या सवयीची किंमत उशिरा कळली. १९९७ च्या सुमारास गल्लीपातळीवर रहिवाशांचे गट करून त्यांना स्वच्छतेत भागीदार करण्याची योजना सुरू झाली. घाटकोपरच्या जोशी लेनने त्यात पुढाकार घेतला: ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, आणि गल्लीतच गांडूळखत. पाहता पाहता शहरभर असे शेकडो गट झाले. पुष्कळ पुढे थंडावले. जिथे वॉर्ड ऑफिसातला अधिकारी बदलताच सगळे थांबले तिथे तो गट मुळात अधिकाऱ्याचा होता. जिथे लोकांनी खतासाठी आपले पैसे घातले होते तिथे तो टिकला.

आता चाळीच नाहीशा होत आहेत. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले, आणि २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचा फ्लॅट, स्वतःचा संडास, लिफ्ट, पार्किंग. ज्यांनी तीन पिढ्या गॅलरीत झोपून काढल्या त्यांना हे मिळायलाच हवे होते. पण चाळीतल्या सामाईक दिव्याचे बिल आणि चाळीस मजली इमारतीतल्या लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा आणि सांडपाणी प्रक्रिया यांचे बिल या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बारा वर्षे या इमारतींची देखभाल म्हाडा करणार आहे. तेराव्या वर्षी लिफ्टच्या कराराचे नूतनीकरण करणारा, दर घरामागे किती पडतात ते काढणारा आणि ते सभेपुढे वाचून दाखवणारा खजिनदार रहिवाशांनाच आपल्यातून निवडायचा आहे.